मामांचे ताईत आणि माझा चार्जर

शेलूच्या आमच्या फ्लॅटमधली फरशी बदलायला काढली, तेव्हा कपडे, औषधं, लोणच्याची बरणी असं बायकोने सांगितलेलं सगळं सामान मी आठवणीने गाडीत ठेवलं आणि ज्याच्यावर माझं पोट चालतं त्या लॅपटॉपचा चार्जर तेवढा गाद्यांच्या ढिगाखाली विसरलो. एरवी या विसरण्याने फार तर ऑफिसचं एखादं काम अडलं असतं. पण आम्ही मुक्कामाला जात होतो ते कर्जतजवळ, कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या गावात, माझ्या बायकोच्या मामांकडे. आणि विजेवर चालणाऱ्या वस्तूंकडे या मामांइतक्या संशयाने बघणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मामा खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. पण ती झाली त्यांची नोकरी. त्यांचा खरा संसार रेडिओशी. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून, घरात बसून दूरच्या माणसाशी बोलायचा रेडिओ. घराच्या पत्र्यापासून परसातल्या जांभळापर्यंत त्यांनी एक लांबच लांब तार ताणली आहे. त्या तारेवर कपडे वाळत घालायला बंदी आहे, आणि कावळा बसला तरी मामा आतून ओळखतात असं मामी म्हणते. माजघरालगतच्या खोलीत त्यांचा संच असतो. त्यातून बहुतेक वेळ नुसती खरखर येते, आणि दुसरा कुणी ताक पिताना दिसेल तितक्या समाधानाने मामा ती ऐकत बसतात. खरखर चांगली, वाईट असते ती घरघर. खरखर आभाळातून येते, घरघर माणसाच्या घरातून. स्वस्तातले एलईडी दिवे, टीव्हीचे डबे, पंख्याचे रेग्युलेटर, मोबाइलचे चार्जर अशा वस्तू वीज खाताना आवाज करतात, तो आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण मामांच्या तारेला येतो. त्यामुळे कुणाच्या घरी गेले की मामा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी वर बघून विचारतात, “हा बल्ब कुठून आणलात?” शर्टाच्या खिशात त्यांचा एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. तो चालू करून भिंतीवरून, बटणांवरून फिरवायचा आणि घरघर कुठे वाढते ते बघायचं, ही त्यांची तपासणी. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं चालू असताना मागे एक गृहस्थ मांडवाच्या खांबाला कान लावून उभे दिसतात. ते मामा. विजेच्या माळा तपासत होते.

रोग सापडला की मामांकडे औषधही असतं. जुन्या कॉम्प्युटरच्या वायरीवर एक जाडसर गाठ असते, आठवते? तिच्या पोटात एक काळपट कडं असतं. दिसायला भाजलेल्या मातीच्या बांगडीसारखं, नाव फेराइट. वायरीचे चार-सहा वेढे या कड्यातून काढले की वीज निमूट पुढे जाते आणि तिच्याबरोबर चोरून निघालेला गोंगाट तिथेच अडतो. मामांनी भंगारातून, मेलेल्या टीव्हींतून अशी कडी गोळा करून एक पिशवी भरली आहे आणि गावातल्या घराघरात ती बांधली आहेत. लोक त्यांना मामांचे ताईत म्हणतात. शेजारच्या ताराकाकी तर दसऱ्याला टीव्हीच्या ताइतालाही हळदीकुंकू वाहतात. एवढंच आहे की वेढे दिले की वायर आखूड होते. मामीचा मिक्सर आता ओट्यापर्यंत पोचतच नाही. तो खिडकीच्या कट्ट्यावर चढवून ती वाटण वाटते. “एक दिवस माझ्या मंगळसूत्रालापण वेढे देतील,” असं ती म्हणते, पण मिक्सर लावण्याआधी खोलीत डोकावून “लावू का?” असं विचारल्याशिवाय राहत नाही.

मामांचा दुसरा विशेष म्हणजे कुणालाही तोंडावर काही बोलणं त्यांच्याने होत नाही. त्यातून समोर जावई असला तर संपलंच. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी त्यांच्या खाटेवर ऐसपैस बसलो होतो. मामा हातात पेपर घेऊन माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होते. “आजचा टाइप जरा बारीकच छापलाय, नाही?” असं त्यांनी विचारलं. मी पेपर हातात घेतला, नेहमीसारखाच आहे असं सांगितलं, आणि त्यांचं मन राखायला अग्रलेख मोठ्याने वाचूनही दाखवला. जेवायला उठलो तेव्हा कळलं की मी त्यांच्या चष्म्यावर बसलो होतो. काडी मोडली होती. मामा म्हणाले, “बरं झालं, तशीही ती फ्रेम मला घट्टच होत होती.”

तर अशा घरात मी चार्जरशिवाय दाखल झालो. दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या कामाने खोपोलीला जाणं झालं, तेव्हा तिथल्या शिळफाट्यावर मोबाइलच्या एका दुकानात चार्जर घेतला. “कंपनीचाच ना?” मी विचारलं. “कंपनीचाच समजा,” दुकानदार म्हणाला. मी समजलो. हातात घेतल्यावर तो फारच हलका लागला, पण प्रवासात बरा, असा मी त्याचा गुण काढला.

गुरुवारी सकाळी मामांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर मी लॅपटॉप मांडला, चार्जर लावला आणि कामाला बसलो. थोड्याच वेळात आतून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज सुरू झाला. मामा बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आत गेले, पुन्हा बाहेर आले.

“जावईबापू, हे तुमचं यंत्र नुसत्या बॅटरीवर किती वेळ चालतं हो?”

मामांनी माझ्या कामात एवढा रस घेतलेला पाहून मला बरं वाटलं. “दोन-तीन तास सहज,” मी म्हणालो. “पण मी असली जोखीम घेत नाही. कायम चार्जिंगला लावूनच ठेवतो.”

“हां,” मामा म्हणाले. “ते बरंच.”

मग त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला. घरातली वीज घालवली आणि तरी घरघर राहिली तर ती बाहेरची, असं त्यांचं शास्त्र. घरातलं सगळं थंड झालं, बॅटरीवरच्या त्यांच्या संचातली घरघर मात्र तशीच. मामा पुन्हा माझ्यासमोर उभे. “तुमचं इन्व्हर्टरवर चालू राहिलं वाटतं?”

“हो ना!” मी उत्साहाने सांगितलं. “इन्व्हर्टरचाच पॉइंट शोधून काढला मी. माझी अजिबात काळजी करू नका.”

त्या दिवशी जेवताना मामांचा घास तोंडाशी थांबत होता. मी बायकोला खुणेनेच विचारलं, तेव्हा तिने कानाशी सांगितलं ते असं. मालवणात मामांचे एक मित्र आहेत. पंचवीस-तीस वर्षं झाली, दर रविवारी सकाळी दोघं रेडिओवर बोलतात. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. मालवणला जायचं, जायचं म्हणता राहूनच गेलं. आता त्या मित्राला एकट्याने राहणं जमत नाही म्हणून मुलगा बेंगळुरूला नेतोय. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, आणि सोसायटीत तार बांधायला परवानगी नाही. मंगळवारी ते निघणार. म्हणजे येता रविवार शेवटचा. मित्राचा संच जुना आणि आवाज आधीच क्षीण. त्यावर ही घरघर बसली तर एक अक्षर कळणार नव्हतं.

“पण फोन आहे की,” मी म्हणालो. एवढं मात्र मामांनी ऐकलं आणि उत्तरही सरळ दिलं. “फोन लावला की माणूस मिळतोच, जावईबापू. मिळणारच आहे तर त्याची वाट काय बघायची? रेडिओवर माणूस मिळायला हवा लागते, आभाळ लागतं. मिळाला की कसं, भेटल्यासारखं वाटतं.”

हे ऐकून माझ्यातला जावई जागा झाला. मामांची घरघर मी शोधून देणार, असं मी भर जेवणात जाहीर केलं. मामा ताटाकडे बघत राहिले. बायकोला एकदम ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

शुक्रवारभर मी नेटवर वाचून मामांना सूचना करत होतो, अर्थात लॅपटॉप चार्जिंगला लावून. त्यांनी एकेक सूचना ऐकून घेतली, आणि संध्याकाळी म्हणाले, “उद्या आपण गावात फिरून बघू. सुट्टी असली तरी तुमचं काम असेलच, तेव्हा लॅपटॉप बरोबर असू द्या.” आणि दोन पावलं जाऊन मागे वळले. “चार्जरपण घ्या हो. आठवणीने.”

शनिवारी आम्ही निघालो. पुढे मामा ट्रान्झिस्टर धरून, मागे मी गळ्यात लॅपटॉपची बॅग अडकवून. पहिला मुक्काम नाक्यावरच्या हमीदभाईंच्या दुकानात. खिळ्यांपासून खजुरापर्यंत सगळं तिथे मिळतं. मामांना बघताच हमीदभाईंनी हात जोडले. “मामा, परत फ्रिज नको! तुम्ही वेढे दिलेत तेव्हापासून तो भिंत सोडायला तयार नाय. मागे झाडू पण जात नाय आमचा.”

मामांनी दुकानभर ट्रान्झिस्टर फिरवला. आवाज स्वच्छ. कुठेतरी कुणी बातम्या सांगत होतं. “इथे काही नाही,” मामा म्हणाले, आणि मग अगदी सहज, “जावईबापू, तुम्ही बसा ना. लावा तुमचं चार्जिंग तिकडे, काट्याशेजारी.” मी लावलं. बातम्या सांगणाऱ्याचा गळा कुणीतरी दाबला आणि घर्रर्र सुरू झालं.

मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोठी आशा होती. “ऐकलंत?”

“ऐकलं!” मी उठून उभा राहिलो. “इथेही आहे, मामा! हे गावभर पसरलंय!”

मामांचे खांदे जरासे खाली आले. हमीदभाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा काट्याशेजारच्या बोर्डाकडे बघितलं आणि त्यांना अचानक शेंगदाण्याचं पोतं आवरायचं आठवलं. पोत्याआडून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मी तिथेच बसून वीज कार्यालयाकडे एक खरमरीत तक्रार लिहायला घेतली. गावातल्या उपद्रवाकडे दुर्लक्ष होत आहे, वगैरे. मजकूर चांगला जमत होता. मी टाइप करत होतो तोवर ट्रान्झिस्टर घुरघुरत होता, आणि तक्रार लिहिताना पुरावा समोर असल्यामुळे माझी भाषा अधिकच धारदार होत होती.

तिथून मामांनी मला देवळाच्या सभामंडपात नेलं. तिथे माझ्या भाषेत तपासणी आणि त्यांच्या भाषेत बहुधा शिकवणी झाली. आधी शांत, मग “लावा चार्जिंग,” मग घरघर, मग “ऐकलंत?” मी म्हणालो, “देवालाही सोडलं नाही!” तिसरं घर ताराकाकींचं. सत्तरीच्या बाई, भाताच्या शेतीत आयुष्य गेलेलं, आता दोन्ही मुलगे नोकरीला. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. आम्ही आत गेलो, ट्रान्झिस्टर फिरला, मी बॅग उघडली, पिन लावली आणि घरघर सुरू झाली. मी निराशेने मान हलवली. “यांच्याकडेसुद्धा!”

“आमच्याकडं?” ताराकाकी पिठाचे हात पदराला पुसत दारात आल्या. “आवं जावयबापू, आमच्या घरात कनचा आवाज हाय? तुमी यायच्या आदी व्हता का?”

“नव्हता, पण...”

“तुमी पीन खोचली नि बोंबलाया लागला. काढा बगू ती.”

मी काढली. ट्रान्झिस्टरमधून बासरी ऐकू येऊ लागली.

“लावा.”

लावली. घर्रर्र.

“काढा,” ताराकाकी म्हणाल्या. बासरी. मग त्या मामांकडे वळल्या. “तुमी पन कमालच करता, मामा. भूत खांद्यावर घेऊन भूत शोदताय व्हय गावभर? जावयाला घरी ठिवून आला असता तर आवाज पन घरीच ऱ्हायला असता.”

मला तिथल्या तिथे पापडाखाली झाकून घ्यावंसं वाटलं. हातात चार्जर, मांडीवर उघडी तक्रार. सगळ्यात कहर म्हणजे मामाच माझी समजूत घालू लागले. “अहो, तुमचा काय दोष? आजकाल माल असाच येतो. आतलं गोंगाट अडवायचं सामान काढून टाकतात, म्हणून तर हलका लागतो हाताला. सुंदर चार्जर आहे. फक्त जरा ताईत बांधू.” आणि त्यांनी पिशवीतून कडी काढली. बहुतेक पिशवी तयारच होती, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. चार्जरच्या दोन्ही अंगांना एकेक कडं, त्यातून वायरीचे घट्ट वेढे. जखमी वासराच्या पायाला पट्टी बांधावी तशा हळुवारपणे मामा ते करत होते. पुन्हा पिन लावली. मोहोळाचा एक डास झाला. “उद्या सकाळी तेवढा बंदच ठेवा म्हणजे झालं,” ताराकाकींनी सांगून टाकलं. जे वाक्य मामांना तीन दिवसांत जमलं नव्हतं ते त्यांनी पापड उलटता उलटता म्हटलं.

रविवारी सकाळी मी चार्जर नुसता काढला नाही, तर कपड्यांत गुंडाळून कपाटात ठेवला आणि कपाटाला कडी घातली. बायकोने इन्व्हर्टर बंद केला. मामीने न विचारताच आदल्या दिवशी वाटण करून ठेवलं होतं. मामा खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. रेडिओला दिसत नाही, तरी इस्त्रीचा. त्यांनी संच लावला आणि एकदम मान वर केली. “एवढं स्वच्छ कसं?” मी अंगणात जाऊन बघितलं. ताराकाकी पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या घराचा मेन बंद. “नाक्यावर हमीदनं पन फ्रिज बंद केलाय,” त्या म्हणाल्या. “सांगितलं त्याला मी. सकाळी धा मिनटं नाय चालला फ्रिज तर लोनी काय पळून नाय जात.”

खरखर सुरू होती, आभाळातली, चांगली. मामा आपला सांकेतिक नंबर म्हणाले, थांबले. पुन्हा म्हणाले. मग खरखरीच्या पार पलीकडून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक म्हातारा आवाज आला.

“कर्जत, ऐकाक येता मां रे?”

“येतं!” मामा म्हणाले. “अगदी समोर बसल्यासारखं.”

“आज पयल्याच हाकेक ऐकलंस. काय केलंस तरी काय?”

“गाव झोपवलं,” मामा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले.

मला वाटलं होतं, शेवटचं बोलणं म्हणजे काहीतरी जड, डोळ्याला रुमाल लावण्यासारखं असेल. तसं काहीच झालं नाही. मालवणच्या मित्राने दारातल्या फणसाची राखण आता कोण करणार ते सांगितलं. मामांनी जांभळाला यंदा किती कमी फळ धरलं ते सांगितलं. गुडघ्यांची तुलना झाली. एका लिंबाच्या लोणच्यावरून जुना वाद होता, त्यात पुन्हा दोघांनी आपापलीच बाजू धरली. हळूहळू खरखर वाढत गेली, आवाज बुडू लागला. आणि मामांनी दर रविवारी म्हणत असतील तसंच सवयीने म्हटलं, “बरंय मग. पुढच्या रविवारी.”

म्हटलं आणि त्यांचा हात माइकवर तसाच राहिला. खरखरीतून पलीकडून आलं, “बघूया रे. आभाळ कसां असता तां.” मग नुसतीच खरखर. मामा ती ऐकत बसले. बायको त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मी अंगणात गेलो आणि ताराकाकींना मेन लावायला सांगितलं.

आठवड्याने फरशी झाली आणि आम्ही शेलूला परतलो. जुना चार्जर गाद्यांखालून निघाला, पण मी अजून ताइताचाच वापरतो. वेढ्यांमुळे वायर इतकी आखूड झाली आहे की मला भिंतीला खेटून जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं. एकदा तसाच बसलो असताना मी बायकोला म्हटलं, “काही म्हण, मी बरोबर होतो म्हणून मामांची घरघर सापडली.”

ती भाजी निवडत होती. “मामाला गुरुवारीच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही पिन लावलीत त्याच मिनिटाला.”

“मग बोलले का नाहीत? जावई म्हणून?”

“ते तर होतंच. मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणाला, राहू दे गं दोन दिवस. आवाज शोधायचा आहे तोवर रविवार लांब वाटतो.” तिने देठ बाजूला टाकले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तुमच्याइतकं उशिरा उमगणारं माणूस सोबतीला मिळालं, म्हणून त्याचे ते दोन दिवस बरे गेले.”